चार हात

गार्बट यांच्या दुकानात ती बटणांच्या डब्यात होती.
अठ्ठावीस मिलिमीटर, धिरड्यासारखी चपटी,
कडेला एक ओरखडा.
"हिच्यात लांबचं काही येत नाही," ते म्हणाले
आणि पाच पौंड कमी केले.

माझी जुनी लेन्स दुधीभोपळ्याएवढी.
तिच्यातून मी रस्त्यापलीकडची माणसं उचलायचे,
कुणाची जांभई, कुणाचं भांडण,
बाकावर एकट्यानं खाल्लेला केक.
कुणाला पत्ता लागायचा नाही.
चोरीच ती, फक्त इस्त्री केलेली.

नोकरीही त्याच जातीची. हलच्या इन्फर्मरीत एक्स-रे काढते.
शिशाच्या काचेमागून सांगते,
श्वास घ्या. रोखा. सोडा.
हजारो छात्या पाहिल्या असतील,
चेहरा एकाचाही आठवत नाही.

नवी लेन्स कॅमेऱ्यासकट कोटाच्या खिशात मावते, किल्ल्यांशेजारी.
तिचं एकच म्हणणं, जवळ जा.
अंतर आधीच ठरवून ठेवायचं,
एफ आठ, दोन मीटर,
मग त्या पट्ट्यात जो येईल तो स्पष्ट.
दोन मीटर म्हणजे किती ते मी स्वयंपाकघरात मोजलं,
कोपरापासून बोटांपर्यंत, फ्रीजपासून सिंकपर्यंत.
चार हात, वर थोडी बोटं.

परक्यांपासून चार हात लांब राहावं, आई म्हणायची.
राहिले की. तेवीस वर्षं.
आणि आता तेवढ्यासाठीच
मला पुढं सरकायचं होतं.

हेसल रोड, नोव्हेंबरचा शनिवार,
ऊन तीन वाजताच आवराआवरीला लागलेलं.
मासळीवाल्यानं नुकतंच शटर ओढलेलं,
पाटीवरचा हॅडॉक शेपटीकडून पुसट,
शटरखालून बर्फाचं पाणी.
मला तेवढंच हवं होतं.
डावीकडून एक बाई आली, चाकांची पिशवी ओढत.
मला पाहून थबकली.
"सॉरी, लव्ह," म्हणाली
आणि तीन पावलं मागं सरली,
फोटोच्या बाहेर.

म्हणजे तिला वाटलं, बाहेर.
या लेन्समध्ये 'बाहेर' फार उशिरा सुरू होतं.

मी श्वास रोखला.
रस्त्यावर सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

रात्री पडद्यावर पाहिलं.
मधोमध शटर आणि हॅडॉक, नीटनेटके, निरुपयोगी.
खाली माझ्याच डोक्याची सावली, टोपीच्या गोंड्यासकट.
आणि डाव्या कडेला ती.
कडेची माणसं ही लेन्स ताणते, तशी ताणलेली,
बाही गुडघ्यापर्यंत लांब,
पिशवीचं चाक अंड्यासारखं.
भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून,
श्वास रोखून उभी,
मी न सांगता.

हे अंग चोरणं माझ्या ओळखीचं.
लिफ्टमध्ये, ऑफिसच्या नाताळात,
दुसऱ्यांच्या फोटोंत
मी वर्षानुवर्षं अशीच उभी राहिले,
आणि दर वेळी वाटलं, आपण नाही आलो यात.

ती कड मी कापणार होते. माउस तिथवर गेलाही होता.

तीन शनिवार प्रिंट पिशवीत घेऊन हिंडले.
चौथ्या शनिवारी बसस्टॉपवर सापडली. नाव ग्लेनिस.
तिचा चष्मा शोधण्यात एक बस गेली.
"पण मी तर बाजूला झाले होते."
"हो," मी म्हटलं, "झाला होतात."
तिनं फोटो लांब धरला, मग नाकाशी आणला,
बाहीवर अंगठा ठेवला.
"हात बघ केवढा झालाय माझा!"
हसली की खोकली, कळलं नाही.
फोटो पिशवीत ठेवला, कांद्याच्या पातीवर, सपाट,
आणि बाकावर सरकून मला जागा केली.

कोपराला कोपर लागलं.
खिशात कॅमेरा अजून दोन मीटरवरच लावलेला.
इतक्या जवळून ती धूसरच आली असती.